व्हर्लिनचा गुडघा आणि तिसरा आग्रह

व्हर्लिन ओमटचा डावा गुडघा कौंटीची बर्फ ढकलायची गाडी चालवून चालवून कामातून गेला होता. क्लच दाबायचा तो गुडघा. चर्चमध्ये प्रार्थनेला उभं राहताना तो असा कडकड वाजायचा की पुढच्या बाकावरची माणसं मान वळवून बघायची. तरी कुणी 'गुडघा कसा आहे?' असं विचारलं की व्हर्लिनचं उत्तर ठरलेलं होतं, "बरा आहे की. याहून वाईट असू शकला असता."

आमच्या एल्क प्रेअरीत सगळे असंच बोलतात. इथल्या माणसाचं घर पेटलं तरी तो 'आज जरा ऊब आलीय' याच्या पुढं जाणार नाही. खड्ड्यात पडला तर 'मला बाहेर काढा' असं ओरडणार नाही. 'इथं खाली जरा ओल आहे' म्हणेल आणि वाट बघत बसेल. मागून घेणं हे आमच्याकडं चोरीच्या खालोखाल धरतात.

आणि कुणी आपणहून काही देऊ केलं, तर त्याचीही रीत आहे. पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा 'नको, कशाला उगाच' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर' म्हणून घ्यायचं. पहिल्या फटक्यात 'हो' म्हणणारा हावरट ठरतो आणि तिसऱ्यांदा न विचारणारा चिक्कू. आम्हा मिनेसोटावाल्यांना हे आईच्या दुधातूनच मिळतं, त्यामुळं कुणाला शिकवावं लागत नाही. घोटाळा होतो तो बाहेरचा माणूस आला की.

तशी बाहेरची बाई व्हर्लिनला भेटली ती शस्त्रक्रियेच्या आधीच्या वर्गात. शेजारच्या मोठ्या गावात गुडघे बदलायचं एक केंद्र होतं. सकाळी जायचं, जुना गुडघा द्यायचा, नवा घ्यायचा, संध्याकाळी आपल्या घरी. रात्रीचा मुक्काम नाही. व्हर्लिनला ही कल्पना फार पसंत पडली होती, कारण रात्रभर परक्या माणसांना त्रास द्यायचा नव्हता. फक्त आधी एक दिवस वर्गाला बसावं लागे. हा वर्ग रोझॅन नावाची परिचारिका घ्यायची. ती मुलीच्या मागोमाग न्यू जर्सीहून नुकतीच इकडं राहायला आली होती, आणि आवाज असा की प्लॅस्टिकचा नमुना-गुडघा तिच्या हातात थरथरावा.

"घरातले गालिचे गुंडाळून ठेवा," ती म्हणाली. "पाय अडकून पडलात तर नवा गुडघा फुकट. संडासाची बैठक उंच करून घ्या. दिलेल्या साबणानं आदल्या रात्री आणि त्या सकाळी अंघोळ करा. मध्यरात्रीनंतर खायचं नाही. बिस्किटसुद्धा नाही, हो, मी तुमच्याकडेच बघतेय. आणि घरी गेल्यावर गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. कितीही मोह झाला तरी नाही. पाय वाकडाच राहील."

सगळे माना डोलवत होते.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सोबतीचं माणूस. न्यायला यायचं आणि पहिले दोन दिवस घरात राहायचं. माणूस नसेल तर मी दारातून बाहेर सोडणार नाही. कुत्रं चालणार नाही."

व्हर्लिननं अर्धा वर केलेला हात खाली घेतला.

वर्गात प्रत्येकाजवळ कुणी ना कुणी होतं. कुणाची बायको, कुणाचा नवरा, एकीची तर सासू. व्हर्लिनच्या शेजारच्या खुर्चीवर त्याची टोपी होती. रोझॅन टोपीसमोर येऊन उभी राहिली. "तुमचं माणूस कोण, राजे?"

ती सगळ्या पुरुषांना राजे म्हणायची. व्हर्लिनला आयुष्यात कुणी राजे म्हटलं नव्हतं. तो गडबडला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "आर्डिस."

"बायको?"

"नाही, नाही. समोर राहते." त्याचे कान लाल झाले.

"विचारलंय तिला?"

"विचारायचं काय त्यात," व्हर्लिन म्हणाला, आणि आमच्या हिशेबानं त्यात खोटं काहीच नव्हतं.

आर्डिस स्कोगन रस्त्यापलीकडच्या पिवळ्या घरात राहायची. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. वाजवायची इतक्या जोरात आणि इतक्या झपाट्यानं की गाणारे नेहमी एक ओळ मागं राहायचे आणि 'आमेन'ला धापा टाकत पोचायचे. व्हर्लिनची बायको लव्हॉन गेली तेव्हा पहिली हॉटडिश आर्डिसनं आणली होती. खिमा, डबाबंद सूप आणि वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्या, सगळं एकाच भांड्यात भाजलेलं. त्या दिवसापासून व्हर्लिनला आर्डिस आवडायला लागली होती. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, त्यामुळं त्याबद्दल कुणी बोलत नसे. व्हर्लिनचा कुत्रा गस मात्र रोज दुपारी आपणहून रस्ता ओलांडून तिच्याकडे जेवायला जायचा. त्याला कुणी तीनदा विचारावं लागत नव्हतं.

तर आता व्हर्लिनपुढं प्रश्न असा होता, की आर्डिसनं आपणहून येते म्हणावं, याची सोय कशी लावायची. तो तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. ओव्हनमध्ये लिंबाच्या वड्या भाजत होत्या. तिनं कॉफीचं विचारलं, त्यानं दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतली. मग इकडतिकडच्या गप्पा मारता मारता आडवळणानं विषयाला हात घातला.

"मंगळवारी आहे ते गुडघ्याचं."

"हो का?"

"त्याच दिवशी घरी सोडतात म्हणे."

"काय एकेक निघालंय आजकाल."

"पण घरात कुणीतरी माणूस लागतं म्हणतात. दोन दिवस." एवढं बोलून व्हर्लिन कपात बघत बसला.

"मी येईन की," आर्डिस म्हणाली.

त्याला वाटलं टुणकन उठून छताला हात लावावा. पण रीत ती रीत. "नको गं," तो म्हणाला, "तुला कशाला त्रास."

"त्रास कसला? मला तरी काय काम आहे?"

"नको, तुझा ऑर्गनचा सराव असेल, आणखी काही असेल."

झालं. दोन झाले. आता तिसरं आलं की 'बरं, तू एवढं म्हणतेस तर'. हे वाक्य व्हर्लिनच्या जिभेच्या टोकावर येऊन तयार उभं होतं. आर्डिसनं तोंड उघडलं.

आणि ओव्हनची घंटी वाजली.

ती उठली, वड्या काढल्या, त्या कडेनं जरा जास्त भाजल्या म्हणून ओव्हनला दोन शब्द सुनावले. एवढ्या वेळात काय करावं ते न सुचून व्हर्लिन म्हणाला, "यंदा बर्फ लवकर पडणार असं दिसतंय." ती येऊन बसली आणि म्हणाली, "दिसतंय खरं." मग दोघं बर्फावर बोलले. बर्फानंतर सोयाबीनवर बोलले. घरी परतताना त्याच्या हातात बशीभर वड्या होत्या आणि डोळ्यांपुढं अंधार.

आता घंटीमुळं मोजणी मोडते का? दोन 'नको' जमा धरून पुढचं विचारणं तिसरं मानायचं, की सगळं पुन्हा पहिल्यापासून? यावर आमच्याकडं कधी कुणी निवाडा दिलेला नाही. व्हर्लिननं गसशी चर्चा केली. गसनं वडी खाल्ली.

आणि विषय पुन्हा आपण काढायचा म्हणजे ते मागणंच झालं. म्हणून तो सुचवायच्या मागं लागला. शस्त्रक्रियेनंतर चालताना आधाराला लागणारी चौपायी, म्हणजे वॉकर, घेऊन तो पुढच्या अंगणात येरझारा घालायला लागला, आर्डिसच्या खिडकीसमोरच. आर्डिसनं खिडकीतून हात हलवला. दुसऱ्या दिवशी त्यानं घरातले सगळे गालिचे बाहेर काढून कठड्यावर टाकले. तिनं पुन्हा हात हलवला. शेवटी त्यानं संडासाची नवी उंच बैठक आणली आणि ती व्हरांड्यात, तिच्या घराकडं तोंड करून, स्टुलावर ठेवून दिली. टपालवाला थांबून बघून गेला. आर्डिसनं तेवढा हातच हलवला.

मंगळवारी पहाटे व्हर्लिन म्हाताऱ्यांची ने-आण करणाऱ्या व्हॅनमध्ये बसून एकटाच केंद्रावर गेला. समोर पिवळ्या घरात दिवा लागलेला होता.

"आर्डिस?" रोझॅननं दारातच विचारलं.

"दुपारी," व्हर्लिन म्हणाला, आणि ही त्याची आशा होती, थाप नव्हती. निदान त्यानं स्वतःची तशी समजूत घातली.

मग पुढं जे होतं ते सगळ्यांचं होतं तसंच झालं. पाठीमागं उघडा राहणारा झगा घालायला दिला. येणारा प्रत्येक जण विचारू लागला, "कोणता गुडघा?" व्हर्लिन म्हणे, "डावा." टोचणारीनं विचारलं, भूल देणाऱ्यानं विचारलं, झाडणाऱ्यानं तेवढं विचारलं नाही. इतक्यांनी विचारल्यावर त्याला स्वतःलाच शंका यायला लागली आणि तो पांघरुणाखाली हळूच दोन्ही गुडघे चाचपून बघू लागला. डॉक्टर आले, त्यांनी पेनानं डाव्या गुडघ्यावर सही केली आणि गेले. पाठीत एक सुई, मांडीत एक सुई, आणि मग कुणीतरी विचारलं, "मासेमारीला कुठं जाता?" व्हर्लिन जागेचं नाव लपवायच्या विचारात असतानाच झोपून गेला.

जाग आली तेव्हा सगळं उरकलं होतं. पांघरुणातून एक भलंमोठं पट्टी बांधलेलं पाऊल बाहेर आलं होतं. त्यानं ते हलवायचा हुकूम केला, पण पाऊल काही ऐकेना.

"हा कुणाचा पाय?" त्यानं विचारलं.

"तुमचाच, राजे," रोझॅन म्हणाली. "परत घेत नाही आम्ही. कॉफी आणू?"

आदल्या रात्रीपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. कॉफी या शब्दानंच त्याचे डोळे पाणावले. "नको," तो म्हणाला.

"बरं," रोझॅन म्हणाली आणि गेली.

व्हर्लिन तिच्या पाठीकडं बघत राहिला. त्याला वाटलं, येईल परत. ती आली, आणि म्हणाली, "गरम केलेलं पांघरूण देऊ?" त्याचे दात वाजत होते. "नको, ठीक आहे," तो वाजत्या दातांनी म्हणाला. "बरं," ती म्हणाली आणि गेली. टोस्टचंही तसंच झालं. पडद्यापलीकडं शिकागोचे एक गृहस्थ पडले होते. ते प्रत्येक गोष्टीला पहिल्याच फटक्यात 'हो' म्हणत होते. कॉफी हो, टोस्ट हो, पुडिंग हो, पांघरूण दोन द्या. पडद्यातून लोणी लावलेल्या टोस्टचा वास येत होता. व्हर्लिनला त्या माणसाचा मनापासून तिरस्कार वाटला.

"दुखतंय किती?" रोझॅननं विचारलं. "शून्य ते दहा."

मांडीतली सुई पुढच्या बाजूला लागू पडली होती, पण गुडघ्याच्या मागं कुणीतरी पाना घालून पिळत होतं. "वेगळं वाटतंय," व्हर्लिन म्हणाला.

"वेगळं हा आकडा नाही."

"दोन असेल."

"गोळी हवी?"

"नको, कशाला उगाच."

"बरं." पण या वेळी ती लगेच गेली नाही. पलंगाच्या दांडीवर आवळलेल्या त्याच्या मुठी तिनं पाहिल्या. बोटं पांढरीफटक पडली होती. ती बाहेर गेली आणि व्यायाम करून घेणाऱ्या ग्लेनला म्हणाली, "या माणसाचं काय करायचं? थंडीनं कुडकुडतोय, भुकेनं कळवळतोय, दुखण्यानं दांडी मोडायला आलाय, आणि मला नको नको म्हणतोय. माझ्यावर राग आहे का याचा?"

ग्लेन आमच्याच कौंटीचा. तो म्हणाला, "किती वेळा विचारलंस?"

"किती वेळा म्हणजे? एकदा! आमच्याकडं नको म्हणजे नको."

ग्लेननं तिला बाजूला घेतलं आणि सगळी रीत समजावून सांगितली. ऐकता ऐकता रोझॅनचं तोंड उघडंच राहिलं. इथं आल्यापासून आपण किती म्हाताऱ्यांना उपाशी ठेवलं असेल, याचा हिशेब तिच्या डोळ्यांत सरळ दिसत होता. ती तडक व्हर्लिनच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "कॉफी घेणार का, कॉफी घेणार का, कॉफी घेणार का?"

व्हर्लिनचा चेहरा उजळला. "बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर."

"पांघरूण, पांघरूण, पांघरूण? गोळी, गोळी, गोळी?"

त्यानंतर गाडी रुळावर आली. टोस्ट खाऊन, गोळी घेऊन, दोन पांघरुणं अंगावर ओढून व्हर्लिन माणसात आला. ग्लेननं त्याला उभं केलं आणि चौपायी धरून चालवलं. पाय परका होता, पण व्हर्लिन पडला नाही. मग लाकडी पायऱ्या. "चढताना चांगला पाय आधी, उतरताना नवा आधी," ग्लेन सांगत होता. व्हर्लिन चढला आणि उतरला, गुडघा एकदाही कडकडला नाही. इतक्या वर्षांत पायऱ्यांवर एवढी शांतता त्यानं अनुभवली नव्हती. मग लघवी. ती झाल्याशिवाय सोडत नाहीत. पाठीतल्या सुईनं तिकडची यंत्रणाही झोपी गेली होती, तेव्हा नळ सोडून, शिट्टी वाजवून, शेवटी रोझॅननं दाराबाहेरून "झाली का, झाली का, झाली का?" असं तीनदा विचारल्यावर ती झाली.

"शाबास," रोझॅन म्हणाली. "आता आर्डिसला बोलवा की निघालात."

व्हर्लिन चौपायीच्या मुठीकडं बघत राहिला. "ती येणार आहे की नाही, ते नक्की नाही," तो म्हणाला.

"म्हणजे? तुम्ही तर तिचं नाव सांगितलंत."

"तिनं विचारलं होतं. येते म्हणाली होती. दोनदा."

"मग तुम्ही हो म्हणालात ना?"

"दोनदाच विचारलं ना तिनं," व्हर्लिन म्हणाला. "मग घंटी वाजली."

रोझॅननं कपाळाला हात लावला. मग फोन उचलून त्याच्या मांडीवर ठेवला, चांगल्या मांडीवर. "ऐका, राजे. संध्याकाळी आम्ही कुलूप लावतो. माणूस आलं नाही तर तुम्हाला रुग्णवाहिकेत घालून मोठ्या इस्पितळात पाठवावं लागेल. फोन लावा आणि सांगा तिला, ये म्हणून."

"तसं सरळ कसं म्हणणार?"

"तोंडानं!"

व्हर्लिनला इस्पितळाची भीती नव्हती. त्याला वेगळीच भीती होती. आजवर त्यानं काही मागितलं नव्हतं, म्हणून आर्डिस कधी नाही म्हणाली नव्हती. आता मागितलं आणि ती नाही म्हणाली, तर समोरच्या खिडकीकडं उरलेलं आयुष्य कोणत्या तोंडानं बघायचं? हात हलवणंही जाईल. तेवढाच तर होता त्याचा संसार. तरी त्यानं फोन लावला, कारण रोझॅन जायचं नाव घेत नव्हती.

"आर्डिस. मी व्हर्लिन."

"हां, व्हर्लिन."

"वारा सुटलाय म्हणे."

"सुटलाय खरा. वायव्येचा आहे."

"म्हणजे बर्फ आलाच."

"गुरुवारी म्हणतायत."

रोझॅननं डोळे फिरवले. ग्लेन येऊन तिच्या शेजारी उभा राहिला आणि समजूतदारपणे मान हलवू लागला, कारण त्याच्या मतानं संभाषण अगदी योग्य वेगानं चाललं होतं.

"गस कुठं आहे?" व्हर्लिननं विचारलं.

"माझ्याजवळच आहे. गुडघा बदलला का?"

"बदलला."

"कसा आहे?"

"वेगळा आहे."

फोनमध्ये नुसता वारा ऐकू येत होता. मग आर्डिस म्हणाली, "बरं तर मग. ठेवते."

"ठेवू नकोस!" व्हर्लिन असा ओरडला की पडद्यापलीकडं शिकागोवाल्यांचं चावणं थांबलं. "आर्डिस, मला न्यायला ये. दोन दिवस माझ्याकडे राहा. मला दुसरं कुणी नको. तू हवी आहेस."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, आपण भर चर्चमध्ये झग्याची मागची बाजू दाखवली.

"नको रे," आर्डिस म्हणाली. "तुझ्या घरात माझी उगाच अडचण."

व्हर्लिनचं अवसान गळालं. "काय म्हणाली?" रोझॅन कुजबुजली. "नको म्हणाली," व्हर्लिन म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.

ग्लेननं मात्र एक बोट वर केलं. "ही पहिली," तो म्हणाला.

व्हर्लिननं त्या बोटाकडं पाहिलं. हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. "अडचण कसली?" तो फोनमध्ये म्हणाला. "घर रिकामंच आहे. ये."

"नको, मी घोरते. तुझी झोपमोड होईल."

ग्लेननं दुसरं बोट वर केलं. रोझॅननं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

"घोर," व्हर्लिन म्हणाला. "खुशाल घोर, आर्डिस. मला ऐकायचंय. ये."

"बरं," आर्डिस म्हणाली, "तू एवढं म्हणतोस तर. येतेच वर."

"वर? कुठून वर?"

"खालून. गाडीतच बसलेय. तुझी व्हॅन गेली, मागोमाग मीही निघाले."

ती आली. केस वाऱ्यानं विस्कटलेले, कोट गळ्यापर्यंत लावलेला, नाक लालबुंद. व्हर्लिनला तिच्याकडं सरळ बघवेना, म्हणून तो ग्लेनच्या बुटांकडं बघत म्हणाला, "सकाळपासून बाहेर बसलीस? आत का नाही आलीस?"

"तू दोनदा नको म्हणाला होतास."

"तू तिसऱ्यांदा विचारलंच नाहीस!"

"वड्या काढून वळते तो तू बर्फावर बोलायला लागलास. मला वाटलं, विषय बदलला, म्हणजे याला खरंच नकोय. माणसाला काही मान आहे की नाही?"

"मी संडासाची बैठक बाहेर ठेवली होती तुझ्यासमोर!"

"मला वाटलं, रंग वाळवतोयस."

रोझॅननं आर्डिसच्या हातात गोळ्यांची पिशवी आणि बर्फाची पट्टी दिली आणि तिला सगळं बजावून सांगितलं. गोळी वेळेवर, दुखायला लागायची वाट बघायची नाही. बर्फ लावत राहायचा. घोटा सारखा वरखाली हलवायला लावायचा. पोटरी सुजली, ताप आला, श्वास लागला तर लगेच फोन. "उद्यापर्यंत मांडीतलं औषध उतरेल, तेव्हा खरं दुखेल," ती म्हणाली. "त्या वेळी यांना गोळी हवी का असं विचारत बसू नका. तोंडात टाका."

"शाळेत चाळीस वर्षं मुलांना गाजर खायला घातलंय मी," आर्डिस म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रोझॅन म्हणाली होती तसंच झालं. औषध उतरलं आणि गुडघ्यानं आपण नवीन असल्याचं सगळ्या घराला कळवलं. "किती?" आर्डिसनं विचारलं. व्हर्लिननं वेगळं, दोन, असू दे, असे सगळे शब्द तोंडात घोळवून पाहिले आणि शेवटी म्हणाला, "आठ." आर्डिस हातातलं काम टाकून धावत आली. ओमट घराण्यात तीनच्या वरचा आकडा पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. तिनं गोळी दिली, बर्फ लावला आणि दुखणं उतरेपर्यंत त्याचा हात धरून बसली. हात धरल्याबद्दल दोघंही काही बोलले नाहीत. रात्री ती खरंच घोरली. जवळजवळ ऑर्गनइतकंच. व्हर्लिन अंधारात डोळे उघडे ठेवून ऐकत राहिला, आणि लव्हॉन गेल्यापासून त्या घरात त्याला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

दोन दिवस सरले. व्हर्लिन चौपायी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जायला लागला होता, पायही थोडा वाकू लागला होता. केंद्राची अट पुरी झाली होती. दुपारी जेवण झाल्यावर आर्डिसनं दोन्ही हात आपल्या गुडघ्यांवर आपटले आणि म्हणाली, "चला तर मग."

आमच्याकडं निघायचं असलं की असंच म्हणतात. समोरच्यानंही आपले गुडघे थोपटून "चला" म्हणायचं असतं. व्हर्लिननं सवयीनं हात उचलले आणि वेळीच आठवण होऊन ते हवेतच धरून ठेवले.

आर्डिसनं भांडी विसळली. मग कोट घातला आणि कोट घालून थोडा वेळ बर्फाबद्दल बोलली. मग दाराशी गेली आणि दाराशी उभी राहून सोयाबीनबद्दल बोलली. बटणं लावून झाली. बोलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ती दाराच्या मुठीकडं बघत म्हणाली, "अजून दोन दिवस थांबू का?"

"नको," व्हर्लिन म्हणाला.

ही पहिली, असं धरून आर्डिस म्हणाली, "मला काही त्रास नाही."

"नको, आर्डिस."

तिनं वर पाहिलं. त्याच्या आवाजात काहीतरी निराळं होतं. तिसऱ्यांदा विचारायला तिनं श्वास घेतला, पण तिच्या आधी तोच बोलला. तो चौपायी धरून उभा होता, मुठी पुन्हा पांढऱ्या पडल्या होत्या, आणि या वेळी त्याला गुडघ्याची आठवणसुद्धा नव्हती.

"दोन दिवस नकोत मला," तो म्हणाला. "राहायलाच ये. कायमची."

गस एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघायला लागला. आर्डिसचा चेहरा गळ्यापासून कपाळापर्यंत लाल होत गेला.

"नको रे," ती म्हणाली. "काहीतरीच तुझं. या वयात?"

"या वयातच. ये."

"नको, लोक काय म्हणतील," आर्डिस म्हणाली, आणि हे दुसरं 'नको' म्हणता म्हणता ती कोटाची बटणं सोडत होती.